आईशी बोलायची पद्धत

माझा धाकटा भाऊ तुरुंगात एकटाच बडबडायचा, जेवण भिंतीवर फेकायचा. मस्ती जिरवायची म्हणून त्याला एकांत कोठडीत टाकलं. आधीच्या कोठडीत त्याच्या शेजारचा कैदीही हेच सगळं करत होता. पण तो इथल्या लोकांतला. आम्ही डोंगरापलीकडून आलेले, रंगावरून आणि बोलण्यावरून लांबूनच ओळखू येणारे. त्या शेजाऱ्याला लगेच दवाखान्यात खाट मिळाली, गोळ्या सुरू झाल्या. भेटीच्या रांगेत त्याच्या बायकोनंच हे मला सांगितलं, बिचारीनं धीर द्यायला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईला घेऊन मी तडक तुरुंगाच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. डॉक्टर भारी गोड माणूस. भांडायला जागाच देईना.

"ताई, तुमच्या लोकांचा मी खास अभ्यास केलाय," ते म्हणाले. "मोठ्यानं बोलणं, हातवारे करणं तुमच्यात चालतंच. आणि तो बोलतो ते त्याच्या वारलेल्या आईशी. गेलेल्या माणसांशी बोलायची तुमची जुनी पद्धत आहे ना? त्याला आजार म्हटलं, तर तुमचाच अपमान व्हायचा."

वा रे वा. आमच्या रीती आता हे आम्हाला शिकवणार.

"अशी काही पद्धत आमच्यात नाही," मी म्हणाले. "आणि वारलं कोण म्हणालात?"

"त्याची आई. शिपाई सांगतात, सारखा तिच्यासाठी रडतो."

"तुम्ही स्वतः त्याला भेटलात?"

"एकांतातल्यांकडे शिपायांचं लक्ष असतंच."

आता आई म्हणाली, "साहेब, मीच त्याची आई. अजून आहे मी."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते उठले आणि आम्हाला घेऊन कोठडीकडे निघाले. एवढा अभ्यास केला, पण आई आहे की गेली, हे विचारायचं काही सुचलं नव्हतं.

शिपायानं दार उघडलं. भाऊ कोपऱ्यात बसला होता, हाडांचा सापळा झालेला. आई त्याच्यासमोर खाली बसली, त्याचा चेहरा हातात धरला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "बाई, माझी आई गेली हो. तुम्ही होतात का तिच्याजवळ?"

आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"याला आजच दवाखान्यात हलवू," मागून डॉक्टर म्हणाले.

आज म्हणे. त्या शेजाऱ्याबरोबर हलवला असता, तर पोरानं आपली आई ओळखली असती.