दोन सिरिंजांचा ट्रे

मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला जरा भीती वाटेल. वाटू द्या. जराशा घाबरलेल्या हातांनी मला उचललेलंच बरं.

कारखान्यात एका पत्र्यावर दणका बसला आणि माझा जन्म झाला. तिथून मी मुलांच्या इस्पितळात आलो, रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात. काम साधंच होतं. औषधाच्या खोलीत भरलेली सिरिंज उपचाराच्या खोलीत पोचवायची. सिस्टर मला घासून इतकं लख्ख करत, की माझ्यात बघून भांग पाडावा. मी मनातल्या मनात फुशारून जायचो. गर्वाचं घर खाली असतं, हे तेव्हा कुठे कळत होतं!

मी नेत असे त्यात एक औषध पाण्यासारखं नितळ होतं. सदाफुलीपासून काढतात म्हणे ते. शिरेतून दिलं की ते वाईट पेशी मारतं. त्रासही देतं. केस गळतात, बोटांना मुंग्या येतात, जबडा दुखतो, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं, म्हणून हात चुरचुरला की मुलांनी लगेच ओरडायचं असतं. यातून मुलं निभावून जातात. पण काही मुलांना दुसरं एक औषध पाठीच्या मणक्यात सुई घालून देतात. तेही तसंच नितळ. शिरेतलं औषध चुकून पाठीत गेलं, तर माणूस हाती लागत नाही.

एक दिवस फेरी वाचावी म्हणून कुणीतरी दोन्ही सिरिंजा माझ्यात शेजारी शेजारी ठेवल्या. घाईत चुकीची उचलली गेली आणि एका मुलाच्या पाठीत टोचली गेली. तो मुलगा सगळ्यांना पाढे विचारायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणत. त्या दुपारी तो हसत होता. काही दिवसांनी त्याने विचारलं, "आई, माझे पाय कुठे गेले?" पाय पांघरुणाखालीच होते. मग हात गेले. मग आवाज गेला.

त्यानंतर वॉर्डाने कडक नियम केला. शिरेतलं औषध सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यायचं. पिशवी पाठीच्या सुईला कोण लावणार? आणि पाठीच्या सुईच्या दिवशी ते उपचाराच्या खोलीत आणायचंही नाही. मला कपाटात टाकलं. भूतबित काही नसतं म्हणा, पण त्या बंद कपाटात माझ्या अंगावर दोन सिरिंजांचं वजन मला रोज जाणवायचं. मी रिकामा होतो. मग कुणीतरी अगदी हळू, माझ्या पत्र्याच्या आतूनच, पाय कुठे गेले विचारायचं.

वर्षं गेली. एका सकाळी छोट्या पिशव्या संपल्या. औषधाच्या खोलीतल्या माणसाने, आजच्यापुरतं म्हणून, ते औषध सिरिंजमध्ये भरलं. नवे ट्रे पिशवीच्या मापाचे, सपाट. त्यांवरून सिरिंज घरंगळायची. म्हणून एका नव्या सिस्टरने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. पुन्हा दोन सिरिंजा. दोन्हींची लेबलं खाली.

टेबलावर सात वर्षांची एक मुलगी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. टकलावर लोकरीची टोपी. बाबांनी तिचा हात धरला होता. तरुण डॉक्टरांचा हात माझ्याकडे आला आणि नको त्याच सिरिंजवर थांबला. मला खडखडायचं होतं. ट्रेला स्वतःहून खडखडता येत नाही.

"डॉक्टरकाका, आज दोन का आहेत?"

"हलू नकोस हं बाळा, झालंच आता."

"पण आज पाठीचा दिवस आहे. मुंग्यांवालं औषध आज या खोलीत येतच नाही. मोठ्या सिस्टरनी सांगितलंय मला."

"गप पड गं, त्यांना काम करू दे," बाबा ओशाळून म्हणाले.

डॉक्टरांनी सिरिंज उलटी केली. लेबलावर लिहिलं होतं: फक्त शिरेतून. इतर मार्गाने दिल्यास मृत्यू.

तेवढ्यात माझ्या पत्र्यातून कुणीतरी दीर्घ सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

दाराबाहेरून हे बोलणं ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या. मास्तर गेला तेव्हा त्या तिथेच होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हा ट्रे कुणी काढला?" मग त्या बाबांकडे वळल्या. "हिला पुन्हा गप्प करू नका. कधीच करू नका."

आता मी भंगारात जाणार आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या अंगात काही टोचायचं असेल, तर विचारा, हे औषध कुठलं आणि कुठून द्यायचं? ताप आला, बोटं बधिर झाली, हात चुरचुरला, तर लपवू नका. मोठी माणसं डोळे वटारतील, तरी विचाराच.

दुसऱ्या दिवशी पिशव्या आल्या. मी दाराबाहेर भंगाराच्या ढिगात होतो, पण पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. मुलीने मोठ्या सिस्टरना तीनदा विचारलं, "हे हातातलंच ना?" तिन्ही वेळा त्यांनी लेबल मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना रडू फुटलं.