चार बोटं कमी

"चूक झाली, एवढंच म्हणायचंय मिस्त्री. तुम्हाला कुणी फाशी देत नाहीये," घरी आलेले अधिकारी म्हणाले.

आमचे हे सरकारी अतिथिगृहाचे सुतार. ते मान खाली घालून बसले होते. मी चहा ठेवला. कुणी हात लावला नाही.

सगळं त्या फोटोपायी. परदेशचे अध्यक्ष पाहुणे म्हणून आले, आपल्या पंतप्रधानांशी बोलले, आणि आठवडाभरात आपण वर्षानुवर्षं नाकारलेला अणुकरार मान्य केला. झालं! विरोधकांनी दोघांचा फोटो चौकाचौकात लावला. पाहुणे उंच खुर्चीत ऐसपैस, आणि आपले पंतप्रधान बुटक्या खुर्चीत, हेडमास्तरांसमोर बसवलेल्या पोरासारखे वर बघताहेत. परदेशाच्या हुकमावरून खुर्ची कापली, अणुभट्ट्यांच्या किल्ल्याही अशाच दिल्या, म्हणून बोंबाबोंब. करार राहिला बाजूला, देश खुर्चीचे पाय मोजत बसला.

"पण चूक झालीच नाही," हे हळूच म्हणाले.

"मग कुणी कापायला लावली? बोला की बाबा!" आमचा मुलगा दारातून म्हणाला. तो विरोधी पक्षाचा कार्यकर्ता. 'परदेशी माणसांनी सांगितलं' एवढं बापाकडून वदवून घे, म्हणून पुढाऱ्यांनी त्याला पिटाळलं होतं.

हे कधी नव्हे ते चिडले. "साहेबांनीच सांगितलं! पंतप्रधानांनी! आदल्या दिवशी बसून बघितलं, तर पाय जमिनीला टेकेनात. म्हणाले, मिस्त्री, पाय लोंबकळताना दिसले तर लोक हसतील हो. चार बोटं कमी करा. मी केली."

मला आधी हसू आलं आणि मग त्या पंतप्रधानांचीही कीव आली.

"हे कुणाला सांगू बाबा? लोक मलाच वेड्यात काढतील," मुलगा म्हणाला.

"आणि हे बाहेर गेलं तर साहेबांचं हसं होईल," अधिकारी म्हणाले. "नोकरी तर जाईलच मिस्त्री, पण हे घरही सरकारी आहे. महिनाअखेर रिकामं करावं लागेल, बघा."

इकडे आड, तिकडे विहीर. खोटं दोघांनाही हवं होतं, ज्याला त्याला आपापलं. खरं कुणी फुकटसुद्धा घेईना. यांनी माझ्याकडे पाहिलं. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठं जायचं, मला काही सुचेना.

"म्हणून टाका," मी म्हटलं.

अधिकाऱ्यांनी मोबाइल समोर धरला. "माझं माप चुकलं," हे म्हणाले. आवाज नीट आला नाही म्हणून त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मुलगा पायात चपला सरकवून निघून गेला. बापाकडे त्यानं बघितलंही नाही.

संध्याकाळी बातम्यांत यांचा चेहरा दिसला. सुताराचा हलगर्जीपणा, असं ती निवेदिका चांगली हसून सांगत होती. आयुष्यभरात यांची एकही खुर्ची कधी डुगडुगली नाही हो! माझा जीव नुसता तळतळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी आल्या. दुरुस्तीला दिलेला पाळणा त्यांना परत हवा होता.

"राहू द्या भाऊजी, दुसरीकडे देते. नात लहान आहे हो, उगाच जिवाला घोर."

पाळण्याला नवा दांडा बसवून झाला होता, पॉलिशही वाळलं होतं. मी तोंड उघडणार, तोच यांनी नजरेनं मला गप्प केलं.

"बरोबर आहे वहिनी," हे म्हणाले. वहिनींना एकटीला उचलवेना, म्हणून यांनीच पाळण्याची दुसरी बाजू धरली, आणि भिंतीला घासू नये म्हणून जपून जपून जिना उतरू लागले.