पिवळा बाण

चौथ्या बाणापाशी विठोबा थांबला. खडकावरच्या पिवळ्या रंगावर त्याने बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्ये बाण कोणी काढल्यानी?"

"ग्रामपंचायतीन," गंगाराम म्हणाला आणि पुढे चालू लागला.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. डबा ग्रामपंचायतीचा होता, हात मात्र गंगारामाचा. गेली तीस वर्षं गावात जे काही रंगवायचं असे ते त्यानेच रंगवलं होतं. शाळेच्या भिंतीवरचा हत्ती त्याचाच. तो डुकरासारखा दिसतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. राखण्याच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, सुळक्यावर हल्ली गोव्याकडची पोरं चढायला येतात, वाट चुकतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकोणतीस बाण काढले. त्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. आयुष्यातला तेवढाच एक सत्कार.

गेल्या ऑक्टोबरात याच वाटेवर विठोबाचा मुलगा समर्थ कड्यावरून खाली गेला. तेवीस वर्षांचा. गोव्यात कंपनीत कामाला होता, रविवारी मित्रांबरोबर आला होता. दोर लावून त्याला वर काढणाऱ्यांत गंगारामही होता.

विठोबा वेंगुर्ल्याचा, होडीवरचा तांडेल. उभा जन्म पाण्यावर गेलेला. चढणीवर त्याचा भाता चालला होता, पण तो बसायला तयार नव्हता.

"पार्वती चार महिने बाजारात बसाक नाय," तो धापा टाकत म्हणाला. पार्वती म्हणजे त्याची बायको, मासे विकणारी. "बायलो म्हणतत, हिचो झील सोरो पिऊन पडलो. पेपरात पण इला. तुमच्या गावातल्याच कोणी पोलिसांका सांगल्यान म्हणे. भाऊ, समर्थ सोऱ्याक हात लावी नाय होतो. माका एकदा ती जागा बगूची आसा. वाट वायट आसली, तर तिका तसा सांगतलंय."

गंगारामाने मान हलवली. त्या दिवशी पोलिसांच्या साहेबाने बाणांचं काही विचारलंच नव्हतं. "मुलं प्यायलेली होती का?" एवढंच विचारलं. गंगारामाने कचेरीत बोलायची ठेवणीतली मराठी काढली आणि "असतील साहेब" म्हणून मोकळा झाला. मोकळा कसला, त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

एकोणिसावा बाण ऐनाच्या झाडावर होता. गंगारामाने तिथे सवयीने चपला काढल्या. इथून वर राखण्याची जागा, गावातलं कोणी पायात घालून जात नाही. ते पाहून विठोबानेही काढल्या.

पुढे समर्थ जिथून पडला तो कातळ होता. उभा, वीस पावलांचा, खाली दरी. जुन्या माणसांनी टाकीने पाडलेल्या खोबण्या तेवढ्या पाय टेकायला. अंगठा आणि दोन बोटं मावतील एवढ्याच.

गंगाराम आधी पार झाला. विठोबा मागून आला. हलत्या होडीवर उभं राहून घट्ट झालेली त्याची बोटं खोबण्यांत बरोबर बसली. पलीकडे पोचल्यावर त्याने वळून कातळाकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि मटकन बसला.

"वाट बरी आसा, भाऊ," तो म्हणाला. "माझो म्हाताऱ्याचो पाय सुदीक हलाक नाय. म्हणजे प्यालोच आसतलो. आता तिका काय सांगू?"

गंगारामाला हायसं वाटलं. आता काहीच बोलायची गरज नव्हती. आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच त्याला इतकी शरम वाटली की तो बोलून गेला.

"तांडेलानू, समर्थाच्या पायात बूट होते."

"मगे?"

"ह्यो खोबणी बोटांच्यो. हेच्यात बूट रवणत नाय. आमचा शेंबडा पोर पण हयसर चपला काढता. बाण मीच काढलंय. पन बाहेरच्यांका चपला काढा म्हणान लिवचा, ह्या माझ्या डोक्यातच येवक नाय." तो थांबला. "आनी प्यालेले असतले म्हणान पोलिसांका सांगलंय, तो पण मीच."

विठोबा उठला. गंगाराम कड्याच्या टोकावर होता. याने नुसता हात लावला तरी पुरे, हे त्याला कळत होतं. तरी तो जागचा हलला नाही.

विठोबाने हात लावला नाही. कातळाच्या या टोकाला काढलेल्या विसाव्या बाणाकडे तो बघत राहिला.

"माका सांगलंस तसा तिका सांग," तो म्हणाला. "आजच. आनी उद्या सायबाक."

माथा अजून नऊ बाण दूर होता. ते तिथूनच परतले. कातळावरून या वेळी विठोबा आधी पार झाला, गंगाराम मागून. एसटीत दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले.

संध्याकाळी पाचला ते वेंगुर्ल्यात पोचले. पार्वती दारात उभी होती. गंगारामाने अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, घरी बोलतो त्या बोलीत, एकही शब्द न गाळता. संपल्यावर पार्वती एवढंच म्हणाली, "ते बूट मीच घेऊन दिलंय. पाय सांबाळतले म्हणान."

मग ती आत गेली. पडवीत उपडी घातलेली मासळीची पाटी तिने उचलली, तिच्यावरची कोळिष्टकं हाताने काढली आणि मागच्या विहिरीवर गेली.

गंगारामाला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. विहिरीवरून पाटी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.