सोडलेल्या बारा ओळी

"सत्ये, थे ओळ काहून सोडली व? तिनं का पाप केलं?" शेणखत टाकताना सासू एकदा बांधावरून ओरडली होती. ती जाऊन वीस वर्षं झाली, पण सत्यभामाबाईंच्या कानातून तो आवाज गेला नव्हता.

बाभुळगावजवळच्या त्यांच्या तुरीच्या शेतात यंदा दीपाचा प्रयोग होता. कळंबची ही पोरगी विद्यापीठात संशोधन करायची. बारा ओळींना तिनं मातीतले जिवाणू आणि जस्ताचे नॅनो कण यांचं मिश्रण दिलं होतं. शेजारच्या बारा ओळींना काहीच द्यायचं नव्हतं, कारण त्यांच्याशी तुलना करूनच मिश्रणाचा गुण कळणार होता.

आज शेंगा मोजून दीपा मटकन बांधावर बसली.

"मावशी, दोन्हीकडे सारख्याच शेंगा! तुमची माती लय लाडाची दिसते, काही न देताच पिकते."

सत्यभामाबाई विळ्याची धार बघत राहिल्या.

"तीन वर्षं घातली मी या मिश्रणात," दीपा उठत म्हणाली. "उद्या फसलं म्हणून लिहून देतो. पण हटत नाही मी. दुसरं बनवीन, पुन्हा पेरीन."

ती वही मिटून निघाली. सत्यभामाबाईंनी विळा टाकला आणि तिचा हात घट्ट धरला.

"लिहू नको, माय. तुयं मिश्रण फसलं नाही. त्या सोडलेल्या बारा ओळींले तू गेल्यावर दर आठ दिवसाले मी शेण-गोमूत्राचं पाणी देत होती."