सासूबाई विमानावर बसल्या

आवाज बारीकसाच आला, वाळकी काडी मोडावी तेवढा. पण चष्मेवाल्यांच्या काळजाचं पाणी झालं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, झिरझिरीत कागदाने मढवलेलं विमान त्यांनी वाळायला म्हणून सोफ्यावर ठेवलं होतं, आणि त्यावर आता त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या.

दुसरं कोणी असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. सासूपुढे काय बोलणार? राग गिळून ते म्हणाले, "लागलं नाही ना, आई?"

"मला काय धाड भरलीय! डावा पंख मात्र गेला वाटतं."

"जाऊ दे गं, तसंही ते उडत नव्हतंच," आतून बायको म्हणाली.

बोलली ते खरंच होतं. पोटातल्या रबराला पीळ भरून सोडलं, की विमान झेप घ्यायचं, उताणं व्हायचं आणि मातीत नाक खुपसायचं. दर रविवारी चष्मेवाले तोंड पाडून घरी यायचे.

दुरुस्ती सासूबाईंनीच हातात घेतली. मोडक्या काड्या सांधल्या, नवा कागद डकवला. पंखाची मागची कड तेवढी वाकडी राहिली.

"आई, ती जरा किटलीच्या वाफेवर धरली तर सरळ..."

"राहू द्या हो. डोळ्यांना सवय होते."

रविवारी त्याही मैदानावर आल्या. त्यांनी विमान घट्ट धरलं आणि चष्मेवाले एरंडेल चोळलेलं रबर पुढे ताणून हातड्रिलने पीळ भरू लागले.

"बस्स आता, तुटेल."

"भरा अजून! आमच्या ह्यांच्यात याहून जास्त पीळ होता, कुठे तुटले?"

विमान सुटलं. चष्मेवाल्यांनी सवयीने डोळे मिटले. उघडून बघतात तर ते उताणं झालंच नव्हतं! वाकड्या पंखाने त्याला असं काही तोलून धरलं होतं, की ते घारीसारखं गोल गोल वर चढत होतं. मग वारा आला आणि स्वारी मैदानाच्या भिंतीपलीकडे निघाली.

"अहो, बघत काय उभे राहिलात? पळा!" असं म्हणून सासूबाई स्वतःच वहाणा हातात घेऊन सुटल्या. जावई धापा टाकत मागून.

विमान अग्निशमन केंद्राच्या छपरावर उतरलं. एका जवानाने शिडी लावून ते अलगद खाली आणलं, उलटसुलट करून पाहिलं. "झकास आहे हो. कोणी केलं?"

"आमच्या जावयांनी," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून कौतुक असं चष्मेवाले पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना अगदी भरून आलं. "छे छे, खरं तर आईंनीच..."

"हो, तेही खरंच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि जवानाला तो पंख कसा बसवला ते सविस्तर सांगू लागल्या. सोफ्याचं नाव त्यात कुठेच आलं नाही.