जिराफाचं पिल्लू कोण झेलतं?

मी एक जुना गोणपाट आहे, मित्रांनो. बुऱ्हाणपूरजवळ दापोरा नावाचं केळीच्या बागांचं गाव आहे. तिथे गोदाबाईंच्या गोठ्यातल्या खुंटीवर माझा मुक्काम. माझा ताग बंगालकडचा. इथे आलो तो सरकीची ढेप पोटात घेऊन. ढेप म्हशींनी फस्त केली, मग गोदाबाईंनी माझी शिवण उसवली आणि मला धुऊन उन्हात वाळवलं. तेव्हापासून माझं काम एकच, नव्या पारडाला झेलायचं. गोदाबाईंची चंद्री म्हैस उभ्यानंच विते, तिची खोडच तशी. मग माझं एक टोक गोदाबाईंच्या हातात, दुसरं त्यांचे मालक सुपडूभाऊ यांच्या हातात आणि पारडू अलगद माझ्या झोळीत! एकालाही मी भुई लागू दिली नाही. सुपडूभाऊ चारचौघांत माझं कौतुक करायचे. खोटं कशाला बोलू, मी शेफारलो होतो.

पण मागच्या खेपेला चंद्रीचं पारडू माझ्या झोळीतच गेलं. त्यानं श्वासच घेतला नाही. चंद्री रात्रंदिवस ओरडायची आणि गोदाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मला कोपऱ्यात फेकून दिलं. उंदरांनी माझी एक कड कुरतडली, तरी कुणी पाहिलं नाही. चंद्री पुन्हा गाभण राहिली तेव्हा गोदाबाईंनी सुपडूभाऊंना बजावलं, "औंदा बी तसंच झालं ना, तर चंद्रीले विकून टाका. मले तिचं रडणं आयकवत नाही."

शेवटी तो दिवस आला. दुपारची वेळ होती. सुपडूभाऊ केळीची गाडी भरायला गेले होते. कळा येऊन चंद्रीची उठबस सुरू झाली, तशा गोदाबाई मला कोपऱ्यातून उचलून, झटकून, खांद्यावर टाकून तिच्याजवळ बसल्या. शेजारी त्यांची सून रश्मी. ती बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात जिराफ शिकवायचा होता, म्हणून ती मोबाइलवर जिराफांची फिल्म पाहत होती. गोदाबाई डोकावल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मीही.

ताडासारखा उंच नर मादीच्या मागे मागे चालला होता. मादीनं मूत्र सोडलं. नरानं ते तोंडात घेतलं आणि वरचा ओठ उचलून आभाळाकडे तोंड केलं. रश्मीनं लाजून मोबाइल पालथा घातला.

"लाजू काय राह्यली वं?" गोदाबाई हसल्या. "आपला रेडा बी असाच ओठ उचलतो. म्हैस माजावर आली का नाही, त्याले त्यातच समजते."

"हां आई, सेम तसंच!" रश्मीला धीर आला. "एकदा पक्कं समजलं की नर तिची पाठच सोडत नाही. दुसरा नर आला की मानेनं धडका देतो. मिलन मात्र एकदम थोडा वेळ, बस. आणि मग पिल्लू सव्वा वर्ष पोटात!"

"सव्वा वर्ष! माय वं! मी तर नऊ महिन्यातच थकली व्हती."

पुढे जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही, मित्रांनो. मादी उभी होती. आधी दोन खुर बाहेर आले, मग पायांवर ठेवलेलं डोकं, मग ती लांबच लांब मान. डोक्यावरची शिंगं चपटी मिटलेली, आईला इजा नको म्हणून! कुणी शिकवलं असेल हे त्या पिल्लाला? माणसाएवढं उंच पिल्लू आईच्या अंगातून हवेत लोंबत होतं, आणि खाली नुसती कडक जमीन.

"अवं, खाली कोणी नाही का? गोणपाट तरी धरा!" गोदाबाई ओरडल्याच.

धप्पकन पडलं बिचारं! गोदाबाईंनी डोळे घट्ट मिटले.

"पाहा तर, आई," रश्मी म्हणाली. "पडतानाच नाळ तुटते. आणि म्हणतात की त्या हिसक्यानंच पहिला श्वास सुरू होतो. कोणी झेलत नाही त्याला."

पिल्लानं कान हलवला. आईनं चाटलं. लटपटत, कोलमडत, तासाभरात ते चार पायांवर उभं! माझ्यावाचून जगात एवढे मोठे जीव जन्माला येतात, हे माझ्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात चंद्रीची पाणमोट फुटली. दोघींनी मला ताणून धरलं आणि पारडू झोळीत आलं. पारडीच होती, काळीभोर. पण हलेना. गोदाबाईंनी मला तिच्याभोवती हळुवार लपेटलं, तिला कुशीत घेतलं आणि त्या रडायला लागल्या. मागच्या वेळीही त्यांनी असंच केलं होतं.

"आई, कुरवाळू नका!" रश्मी ओरडली. "तिला हिसका पाहिजे! घासा तिला, जोरात!"

गोदाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग पदर खोचला, पारडीच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली आणि मला मुठीत धरून तिचं अंग घासायला सुरुवात केली. मी खरखरीत, म्हणून घरात कुणी मला अंगाला लावून घेत नाही. त्या दिवशी मी अंगातला धागा न् धागा खर्ची घातला. पाठ, बरगड्या, छाती! गोदाबाईंची बोटं सोलवटली.

"घे वं माय, श्वास घे!"

आणि पारडी शिंकली! माझ्या अंगावरच शिंकली! छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. देवा रे, केवढं मोठं काम ते, आणि केवढ्याशा छातीचं! चंद्रीनं वळून पारडीला चाटलं, तिच्याबरोबर मलाही. गोदाबाई चंद्रीच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "नाही विकत वं तुले, नाही विकत."

तर मित्रांनो, माझं एक ऐका. नवा जीव निपचित पडला, तर त्याला कवटाळून रडत बसू नका. आधी त्याला श्वास घेऊ द्या, वेळ पडली तर हात सोलवटेपर्यंत घासा. लाड करायला पुढे सगळा जन्म पडलाय.