काळ्या कागदामागची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. जबलपूरच्या चेरीतालात राहणाऱ्या अनसूयाबाईंनी फुटक्या बादलीला आतून माती लिंपून मला घडवलं. "अनसूयेची शेगडी झटकन पेटते," असं शेजारणी म्हणायच्या आणि मी फुगून जायचे.

१९७१च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. तोफांच्या कारखान्यात अनसूयाबाईंचे यजमान भाऊराव यांची पाळी बारा तासांची झाली. विमानांना उजेड दिसू नये म्हणून त्यांनी खिडकी लावून काचांवर काळा कागद चिकटवला, फटींत चिंध्या कोंबल्या. त्यांची तीन वर्षांची बेबी पावसाळ्यापासून चौथ्यांदा खोकत होती. पावसात मी घरातच पेटायचे, पण खोकल्याचा माझ्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता तिला ऊब मिळावी म्हणून मला थेट तिच्या खाटेशी ठेवलं. केवढा मान वाटला मला! मी जीव ओतून पेटले.

खोकला वाढतच गेला. चौथ्या दुपारी बेबीचा श्वास इतका भरभर चालला, की दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडू लागला. ती पाणीही पिईना. मी घाबरले, पण शेगडीला स्वतःहून विझता येत नाही.

अनसूयाबाईंनी शेजारच्या नर्स विनताताईंना बोलावलं. त्या दारातच थबकल्या.

"शेगडी इथं काहून ठेवली?"

"थंडी लागते न तिला, दीदी."

"अन् धूर? चार दिवसांपासून पोरगी धूर पिऊन राहिली. छाती आत ओढून राहिली पहा. चलो, आत्ताच दवाखान्यात. अन् भैया, ती खिडकी उघडा."

"कागद फाटला तर रात्री उजेड तपासणारा वॉर्डन रागावेल," रात्रपाळीहून आलेले भाऊराव म्हणाले.

"दिवसा कोण रागावते? अंधार पडायच्या आधी नवा लावा."

भाऊरावांनी खिडकी ओढली. कागद फाटला, ऊन आत आलं, आणि त्या उन्हात माझा धूर मला पहिल्यांदा दिसला. बेबीला शालीत गुंडाळून तिघं रिक्षानं गेली. जाताना मला अंगणात काढलं. मला फार राग आला, विनताताईंचा नव्हे, माझा स्वतःचा.

नऊ दिवस खाट रिकामी होती. मला कुणी पेटवलं नाही. लढाई संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी बेबी घरी आली, हडकुळी झालेली, पण शांत श्वास घेत. संध्याकाळी मी अंगणात पेटले, तेव्हा उघड्या खिडकीतून तिचा आवाज आला.

"आई, शेगडीला बाहेर थंडी लागत असेल न?"

लागत होती, मित्रांनो. लागू द्या. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे मला दाराबाहेरच ठेवा.